डिशचा गोंगाट आणि अँटेनांची एकजूट

उपग्रहाच्या डिश बसवणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांची एक तक्रार नेहमी असते : डिश सरळ, वायर नवी, तरी चित्र फाटते. दोष पुष्कळदा बाहेरचा असतो. उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचावर. त्याची लहर इथे येईतो क्षीण होते. मोबाइलचा मनोरा मात्र हाकेच्या अंतरावर. अशा वेळी अ‍ॅम्प्लिफायर वाढवला तर गोंगाटही तेवढाच वाढतो. दोन्ही वेगळे करण्याचा एक मार्ग म्हणजे दिशा.

दोन छोटे अँटेना घेऊ. ४ गिगाहर्ट्झची लहर ७.५ सेंटिमीटर लांब, म्हणून दोघांत ३.७५ सेंटिमीटर अंतर ठेवू. समोरून आलेली लहर दोघांना एकाच वेळी भेटते, बेरीज दुप्पट. दोघांच्या रांगेतून आलेली लहर दुसऱ्याकडे अर्धी लहर उशिरा पोचते. एकाचा चढ, दुसऱ्याचा उतार, बेरीज शून्य. हातगाडी दोघांनी एका दमात ढकलली तर चालते. एकाने पुढे व एकाने मागे ओढली तर जागची हलत नाही, तसेच हे.

प्रत्येक अँटेनाच्या लहरीला हिशेबाने उशीर दिला, की डिश न फिरवता ऐकण्याची दिशा बदलते आणि शून्य त्रासाच्या बाजूला नेता येते. हेच बीमफॉर्मिंग. जर्मनीच्या कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांनी १९०५ साली तीन अँटेनांवर असा प्रयोग केला होता. २००३ साली सोडलेल्या अमिरातींच्या थुरया-२ उपग्रहात १२.२५ मीटरच्या डिशसमोर १२८ घटक होते. त्यांतून दोनशेहून अधिक अरुंद झोत जमिनीवर टाकता येत.

मर्यादाही आहेत. त्रास उपग्रहाच्याच दिशेने येत असेल तर हा इलाज चालत नाही. एलएनबीच तुडुंब झाला तर पुढचा हिशेब फुकट. भारतात २०२२ पासून ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात फाइव्ह-जी आले; सी-बँड डिशचा ३७०० ते ४२०० चा पट्टा त्याला जवळजवळ खेटूनच आहे. तिथे आधी एलएनबीच्या तोंडाशी फिल्टर बसवावा.

म्हणून आम्ही सुचवतो : गिऱ्हाइकाच्या माथी महागडा अ‍ॅम्प्लिफायर मारण्यापूर्वी त्रास कोणत्या बाजूने येतो ते शोधा. नव्या चपट्या अँटेना दिशा स्वतः धरतात. पण त्यांना मोकळे आकाश देणे आणि दोष ओळखणे हा हुन्नर कारागिराचाच आहे. तो ज्याला येईल, त्याचे दुकान चालेल.