रंग, रग आणि पिवळी पाटी

चि. भाचीबाईंस,


गावच्या वाचनालयाची वेबसाइट करायला घेतलीस, छान केलंस. कच्चं पान पाहिलं. देखणं आहे, पण मजकूर वाचताना डोळे बारीक करावे लागतात आणि वर्गणी कुठे भरायची ते हुडकावं लागतं. तुला या दोन तक्रारी वाटतील; मला ती एकच वाटते. रंग म्हणजे सजावट आणि मेनू म्हणजे सोय, असं तू धरून चालली आहेस. खरं तर दोघांनी मिळून एकच काम करायचं असतं: आपण कुठे आहोत आणि आता कुठे बोट ठेवायचं, हे आलेल्या माणसाला विचारावं लागू नये. रेल्वे स्टेशनवरची पाटी आठव. पिवळ्यावर काळी ठसठशीत अक्षरं. त्या पिवळ्याला कुणी सुंदर म्हणत नाही, पण चालत्या गाडीच्या खिडकीतून गावाचं नाव वाचता येतं. गूगलवरून येणारा वाचक असाच मधल्याच स्टेशनावर उतरतो. तुझं पहिलं पान त्याने पाहिलेलंच नसतं. म्हणून मेनू प्रत्येक पानावर, त्याच जागी, त्याच क्रमाने हवा, आणि त्यात चालू पानाचं नाव उठून दिसायला हवं.

रंग निव्वळ आवडीवर सोडायचं कारण नाही, त्याचं मोजमाप करता येतं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक गुणोत्तरात मांडतात. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ ला १. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांच्या २००८ च्या आवृत्तीपासून साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांना ३ ला १ हवं असं ठरलेलं आहे. आता तुझा भगवा घे. 'एफएफ९९३३' या संकेतांकाचा भगवा पांढऱ्यावर जेमतेम २.१ भरतो. तोच खाली अंथरून वर काळी अक्षरं काढलीस, तर आकडा १० च्या जवळ जातो. रंग तोच, जागा तेवढी बदलली. भडक लालसुद्धा पांढऱ्यावर ४ शी अडखळतो. ज्याला तू जुनाट म्हणतेस तो निळा मात्र साडेआठ गाठतो. देवनागरीत तर हा हिशेब आणखी कडक ठेवावा, कारण आपल्याकडे अर्थ कितीदा तरी एका टिंबावर लटकलेला असतो. फिकट राखाडीत, बारीक टायपात अनुस्वार विरला की 'रंग'चा 'रग' होतो. रोमन 'आय'वरचा ठिपका गेला, तर शब्दाचं एवढं बिघडत नाही.

आणि रंगाला एकट्याने राबवू नकोस. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारातल्या एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. आपल्याकडे प्रमाण कमी आहे, पण शेकडो सभासदांत असे काही असणारच. पुस्तक हजर असेल तर हिरवा ठिपका, बाहेर गेलं असेल तर लाल, अशी तुझी योजना. अशा सभासदांना दोन्ही ठिपके मातकटच दिसायचे. शेजारी 'आहे', 'बाहेर आहे' एवढं लिहिलं की काम झालं. लिंकांचंही तसंच. १९९३ च्या मोझॅक ब्राउझरने त्या निळ्या दाखवल्या तेव्हा खाली रेघही ओढली होती, आणि उघडून झालेली लिंक जांभळी होई. कुठे जाता येईल आणि कुठे जाऊन आलो, हे दोन्ही त्यात कळत असे. तू रेघ पुसलीस आणि त्याच निळ्यात शीर्षकं रंगवलीस. आता वाचक शीर्षकावर बोट आपटत बसतो आणि होत काहीच नाही.

तू म्हणशील, मामा, असंच करायचं तर सगळ्या वेबसाइट सारख्या दिसतील, मग माझं काय त्यात? मुद्दा खोटा नाही, थोड्या सारख्या दिसतीलच. पण वाचक आपला बहुतेक वेळ इतरांच्या वेबसाइटवर घालवतो, असं वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी फार पूर्वी सांगून ठेवलंय. तिथली सवय घेऊनच तो तुझ्याकडे येतो. वेगळेपण मजकुरात दाखव, छायाचित्रांत दाखव, दारं-खिडक्यांच्या जागा बदलून दाखवू नकोस. तीन आडव्या रेघांमागे मेनू लपवला की मोबाइलवर पान मोकळं दिसतं, हेही कबूल. ती खूण नॉर्म कॉक्स यांनी १९८१ च्या झेरॉक्स स्टार संगणकासाठी काढलेली, आणि पंचवीस-तीस विभाग असतील तर कामाचीच आहे. तुझे विभाग पाच. पाच नावांसाठी कसला आलाय पडदा? शिवाय 'ज्ञानगंगा' या बटणामागे पुस्तकांची यादी असेल, हे कुणाला सुचणार? सरळ 'पुस्तक शोधा' लिही. तसंच 'वर्गणी', 'वेळ व पत्ता'. (ज्ञानगंगा हवीच असेल तर वाचनालयाच्या एखाद्या स्मरणिकेला हे नाव दे.)

आता एक कर. मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन पडदा कृष्णधवल कर आणि वेबसाइट आधी न पाहिलेल्या कुणाच्या तरी हातात मधलंच एखादं पान दे. वर्गणी कुठे भरायची, एवढंच विचार. त्यांना सापडलं नाही, तर रंगांना हात लावू नकोस, आधी मेनू बदल.

तुझा,
मामा