ट्यूबलाइटखाली साडीवर काळे पट्टे का सरकतात?

प्रश्न : गांधीबागेत आमचं साड्यांचं ठोक दुकान आहे. नवा माल आला की छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर व्हिडिओ काढून बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. मेनूत ४के, १०८०, ७२०, ६०पी, ३०पी असं बरंच काही आहे. सगळ्यात मोठं ठेवलं, तरी साडीवर काळसर पट्टे सरकतात. यंदा मारबतीची मिरवणूकही टिपायची आहे. काय ठेवू?
– एक वाचक, गांधीबाग, नागपूर

उत्तर : पट्टे क्वालिटीमुळे येत नाहीत, विजेमुळे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. सेकंदाला २५ किंवा ५० चित्रं घेतली तर १०० ला नेमका भाग जातो आणि प्रत्येक चित्राला सारखाच उजेड मिळतो. ३० ने भाग जात नाही. मग एक चित्र उजळ, दुसरं काळपट, आणि पट्टे सरकू लागतात.

तुमच्या मेनूत ६०पी, ३०पी (म्हणजे सेकंदाला ६०, ३० चित्रं) दिसतं, म्हणजे कॅमेरा एनटीएससी या व्हिडिओ पद्धतीवर आहे. सेटिंगमध्ये तो पालवर न्या. ५०पी, २५पी दिसू लागेल. काही कॅमेरे हा बदल करताना कार्ड फॉरमॅट करायला लावतात, म्हणून जुने व्हिडिओ आधी उतरवून घ्या. शटर हाताने ठेवता येत असेल तर १/५० किंवा १/१०० ठेवा. स्वस्त एलईडी दिव्यांखालीही हाच उपाय आधी करून पाहावा.

आता आकाराचं. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं, त्यामुळे ४केचा बराचसा तपशील वाटेतच जातो. दुकानासाठी १०८०, २५पी पुरे. जरीचा बारीक काठ दाखवायचा असेल तर कॅमेरा जवळ न्या आणि फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्याहून महत्त्वाचा आहे रंग. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडला, तर लाल साडीने पडदा भरल्यावर छटा बदलू शकते, आणि व्यापारी तर रंग पाहूनच माल मागवतो. पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स एकदा ठरवून घ्या.

मारबतीला मात्र १०८०, ५०पी. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी-पिवळी मारबत आणि बडगे यांचे पुतळे मिरवणुकीने निघतात तेव्हा इतवारीत सगळंच हलत असतं. २५ चित्रांत कॅमेरा वळवला की दृश्य झटके खातं. सेकंदाला २८ मेगाबिटच्या वेगाने तासाला साधारण १२.६ जीबी लागतात, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर दोन तास आरामात. हेच ४केत, १०० मेगाबिटने, तासाला ४५ जीबी होतं. कार्ड क्लास १० चं चालेल, ४केला यू३ घ्या. बरेच छोटे कॅमेरे २९ मिनिटांनी आपोआप थांबतात, तेव्हा दोन्ही मारबती समोरासमोर येण्याआधी एकदा बंद करून पुन्हा सुरू करा. जादा बॅटरी खिशात असू द्या.