चित्राचा कर्ता कोण ?

(इयत्ता ५ वीच्या शिक्षकांसाठी पाठ)

हेतू.— यंत्राच्या साहाय्याने केलेल्या कृतीत आपला भाग कोणता व यंत्राचा कोणता, हे विद्यार्थ्यांस ओळखता यावे व ते प्रामाणिकपणे सांगण्याची सवय त्यांस लागावी.

विवेचन.— दुसऱ्याच्या वहीतील उत्तर आपले म्हणून दाखविणे गैर आहे, हे मुलांस ठाऊक असते. परंतु अलीकडे दोन ओळी लिहून दिल्या की, कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र क्षणार्धात रंगीत चित्र तयार करून देते. ते चित्र कोणाचे, हा प्रश्न मोठ्यांनाही कठीण वाटतो. अमेरिकेतील एका प्रकरणावरून त्याचे स्वरूप स्पष्ट होईल.

क्रिस कश्तानोव्हा यांनी ‘झार्या ऑफ द डॉन’ ही चित्रकथा रचली. मजकूर त्यांचा स्वतःचा होता. चित्रे मात्र ‘मिडजर्नी’ या संगणकप्रणालीकडून करवून घेतली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये तेथील कॉपीराइट कार्यालयाने पुस्तकाची नोंद केली. अर्जात यंत्राच्या साहाय्याचा खुलासा नव्हता. ती गोष्ट पुढे ध्यानात आल्यावर फेरविचार होऊन २१ फेब्रुवारी २०२३ रोजी निर्णय झाला. मजकूर, तसेच मजकूर व चित्रे यांची निवड आणि मांडणी, ही कश्तानोव्हा यांची ठरली. सुटी चित्रे ठरली नाहीत. यंत्रातून नेमके काय निघेल हे सूचना देणाऱ्यास आधी सांगता येत नाही. चित्रकारास काम सांगणाऱ्या गिऱ्हाइकासारखी त्याची स्थिती असते, असे कारण देण्यात आले.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करविणारी व्यक्ती होय, अशी तरतूद १९९४ साली घालण्यात आली. परंतु कायद्याने नाव कोणाचेही लागो, कोणता भाग कोणी केला हे सांगण्याचे कर्तव्य त्यामुळे संपत नाही. शिवाय ही यंत्रे असंख्य माणसांनी काढलेल्या चित्रांवरूनच शिकलेली असतात, हेही विसरता कामा नये.

वर्गपाठ.— शिक्षकांनी प्रथम पोळ्याचे उदाहरण घ्यावे. रामूने कुंभारदादांस सांगितले, “मातीची बैलजोडी करा, शिंगे लांब ठेवा.” बैल कोणी घडविले ? पुढे रामूने त्यांस रंग दिला व झूल शिवली. आता रामूचे काम कोणते ? मुलांकडूनच उत्तरे काढून घ्यावीत व नंतर यंत्राच्या चित्राकडे वळावे.

शाळेच्या प्रदर्शनात यंत्राच्या सुबक चित्रास बक्षीस मिळाले आणि शेजारचे, रंगखडूने खपून काढलेले चित्र दुर्लक्षित राहिले, तर ते काढणाऱ्या मुलाचा हात आखडतो; तो पुन्हा खडू धरीलच असे नाही. म्हणून प्रत्येक कृतीखाली चिठ्ठी लावावी : ‘कल्पना—, शब्द—, चित्र—, मांडणी— ’. यंत्र वापरणाऱ्या मुलास रागावू नये; त्याने स्वतः केलेल्या भागाचे कौतुक करावे.

स्वाध्याय.—
१. कश्तानोव्हा यांचे कोणते काम त्यांचे ठरले ? का ?
२. स्वतः केलेल्या एका वस्तूसाठी वरीलप्रमाणे चिठ्ठी लिहा. कोणाची मदत झाली असल्यास त्यांचे नाव अवश्य घाला.