शेअरची वही दुसऱ्याकडे द्या, सही मात्र स्वतःकडेच ठेवा!

मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "सर, कंपनीच्या शेअरचा हिशेब ठेवायला व्हर्च्युअल असिस्टंट ठेवली तर चालेल का?" चालेल. पण कुठलं काम द्यायचं आणि कुठलं नाही, हे आधी ठरवा.

माझ्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो. मसाल्यांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. १०,००० शेअर्स, ६,००० तिचे, ४,००० भावाचे. एका ओळखीच्या माणसाने "१० टक्के" ठरवून पैसे दिले. ताईंनी एक्सेलमध्ये त्याच्या नावापुढे १,००० शेअर्स लिहिले आणि पुन्हा कामाला लागल्या. आठ महिन्यांनी नवीन गुंतवणूकदाराने शेअर्सचा तक्ता मागितला, तेव्हा तीन फाइली निघाल्या आणि तिन्हींत आकडे वेगळे! शेअर वाटपाचा बोर्डाचा ठराव तर कुठेच नव्हता.

कायदा काय म्हणतो? खासगी वाटपासाठी पैसे आले की ६० दिवसांत शेअर्स द्यायचे. नाही जमलं तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत. तेही चुकलं तर ६० व्या दिवसानंतर वर्षाला १२ टक्के व्याज. ताईंना पैसेही मोजावे लागले आणि ओळखीतला माणूसही दुरावला. चूक नियतीची नव्हती, तारखांवर लक्ष ठेवायला कोणी नव्हतं.

आधी हे बघा

शेअर्स कंपनीत असतात. भागीदारी किंवा एलएलपी असेल तर तुमचा हिस्सा करारात लिहिलेला असतो. मग हा सगळा खटाटोप तुमच्यासाठी नाही.

तिला काय काम द्यायचं?

१. एकच कॅप टेबल. कोणाकडे किती शेअर्स, कधी घेतले, काय भावाने. जुन्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये बंद.

२. सभासदांचं रजिस्टर, म्हणजे एमजीटी-१. बोर्डाने वाटप किंवा हस्तांतर मंजूर केलं की ७ दिवसांत नोंद. मसुदा तिने करायचा, तपासायचा तुम्ही.

३. प्रत्येक व्यवहाराचं फोल्डर. ठराव, बँकेची एन्ट्री, फॉर्मची पावती, सर्टिफिकेटची प्रत. खासगी वाटपाचे पैसे बँकेतूनच आणि वेगळ्या खात्यात घ्यायचे, रोखीने नाही. म्हणून बँकेची एन्ट्री हवीच.

४. तारखांचं कॅलेंडर. पैसे आल्यापासून ६० दिवस. वाटपानंतर १५ दिवसांत पीएएस-३ फॉर्म. तो भरेपर्यंत त्या पैशाला हात लावायचा नाही. वाटपापासून दोन महिन्यांत शेअर सर्टिफिकेट. प्रत्येक तारखेच्या दहा दिवस आधी तिचा मेसेज तुम्हाला आलाच पाहिजे.

काय अजिबात द्यायचं नाही?

डिजिटल सहीचं टोकन, ओटीपी, बँकेचा पासवर्ड. "ताई, तुम्हीच करून टाका ना" हे वाक्य इथे महागात पडतं. तुमच्या सहीने जे जाईल त्याची जबाबदारी तुमचीच. फॉर्म भरणं आणि सल्ला देणं हे कंपनी सेक्रेटरीचं काम. असिस्टंट त्यांच्यासाठी कागद तयार ठेवते, त्यांची जागा घेत नाही. भागधारकांचे पॅन, आधार तिच्या हाती जाणार, म्हणून गोपनीयतेचा लेखी करार आधी करा. फाइल तिच्या नाही, कंपनीच्या खात्यात ठेवा, म्हणजे ती काम सोडून गेली तरी वही तुमच्याकडे राहील.

निवडताना ही परीक्षा घ्या

तिला विचारा: "१०,००० शेअर्स आहेत. नवीन माणसाला नवीन शेअर्स काढून १० टक्के द्यायचे. किती काढू?"

"१,०००" म्हणाली तर थांबा. एकूण ११,००० होतात, म्हणजे त्याला मिळतात ९.०९ टक्केच. बरोबर उत्तर १,११२; तेव्हा एकूण ११,११२ होतात आणि त्याचा हिस्सा १० टक्क्यांच्या किंचित वर जातो. ताईंच्या फाइलीत नेमकी हीच चूक होती. उत्तर चुकलं तरी जी विचारते, "सर, १० टक्के आधीच्या शेअर्सवर की नंतरच्या?", ती बाई कामाची!

महिन्याला तुमची पंधरा मिनिटं

टेबलातल्या एकूण शेअर्सला दर्शनी किमतीने गुणा. ११,११२ शेअर्स, दर्शनी किंमत १० रुपये, म्हणजे १,११,१२० रुपये. शेअर्सची पूर्ण रक्कम भरलेली असेल, तर हाच आकडा एमसीएच्या साइटवर तुमच्या कंपनीचं भरणा झालेलं भांडवल म्हणून दिसला पाहिजे. प्रीमियम यात धरू नका. जुळला नाही, तर त्याच दिवशी सेक्रेटरीला फोन करा.

आजचा गृहपाठ: तुमच्या कंपनीच्या शेअर्सच्या किती फाइली आहेत, मोजा. एकापेक्षा जास्त निघाल्या तर असिस्टंट शोधण्याआधी आज रात्री बसून एक करा. गोंधळलेली वही दुसऱ्याच्या हाती दिली की गोंधळच दुप्पट होतो. काही अडलं तर खाली लिहा, पुढच्या व्हिडिओत घेऊ. भेटूया!