अटकेची वेळ : २१.४०

"पाच मिनिटांचं काम आहे भाऊ, साहेब बोलावून राहिले." सकाळी ११ वाजून ७ मिनिटांनी शिपाई दारात. मनीषनगरातल्या आमच्या फ्लॅट स्कीमचा मी सेक्रेटरी. लिफ्टच्या दुरुस्तीत अपहार केला, अशी तक्रार तिसऱ्या मजल्यावरच्यांनी दिलेली. एकूण एक पावती माझ्याजवळ होती. भ्यायचं कशाला, म्हणून फाइल बगलेत मारून निघालो. नोटीस मागितली नाही, हीच चूक.

दिवसभर पोलीस ठाण्यात बाकावर. मोबाइल काढून घेतलेला. दुपारी तक्रारदार आले, साहेबांच्या खोलीत चहा पिऊन गेले. कोरोनात यांच्या आईसाठी दोन रात्री मी सिलिंडर शोधत फिरलो होतो. साधी नजरही दिली नाही. रात्री कागद पुढे सरकवला, "सही करा, लवकर सुटाल." न वाचता केली आणि कोठडीत गेलो. दुसऱ्या दिवशी ३ वाजता कोर्टात. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार? मागे तोच शिपाई उभा. मी मान हलवली, नाही.

जामिनानंतर वकिलांनी त्या कागदावर बोट ठेवलं. अटकेची वेळ २१.४०. माझे साडेदहा तास कुठंच नव्हते, आणि खाली सही माझी! संविधानाचं कलम २२ म्हणतं, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्या. मला नेलं जवळपास २८ तासांनी. कागदावर भरले १७. अटक नोंदीपासून नव्हे, माणसाला अडवून ठेवल्यापासून धरायची, हे मुंबई उच्च न्यायालयानं अशक हुसेन प्रकरणात १९९० सालीच सांगितलंय. मला ते तेव्हा कुठं ठाऊक!

म्हणून सांगतो. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सहसा आधी लेखी नोटीस येते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५. ती मागा. जाताना घरच्या कुणालातरी सोबत न्या आणि निघण्याची वेळ कुणाला तरी मेसेज करून ठेवा; पुढं तोच पुरावा. अटकेच्या कागदावर सहीशेजारी स्वतःच्या हातानं वेळ टाका. अटकेची कारणं तुम्हाला कळेल अशा भाषेत लेखी मिळाली पाहिजेत. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही, संविधानाचं कलम २०(३). वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० नंबर फिरवा. शांत राहा, घाबरू नका.

आणि मॅजिस्ट्रेट विचारतील तेव्हा बोला. ठाण्यात सीसीटीव्ही असलेच पाहिजेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. फुटेज जपून ठेवण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या. माझा दोन वर्षांनी गेला.