जुन्या रायफलीचा नेम आणि तर्कशास्त्राचा तास

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण नेमबाजीच्या मैदानावर जितकी ऐकू येते तितकी नाचाच्या वर्गातही येत नसेल. नवशिक्याची गोळी चुकली आणि त्याने रायफलीकडे संशयाने पाहिले, की मागून कोणीतरी ती म्हणतेच. बहुतेक वेळा म्हणणाऱ्याचे खरे असते. परंतु रायफल जुनी, दुसऱ्याकडून विकत घेतलेली असली, तर अंगण खरोखरच वाकडे असण्याचा संभव बराच असतो. आणि आपल्याकडे बहुतेकांना सुरुवात जुन्या रायफलीवरच करावी लागते. स्पर्धेच्या योग्यतेची परदेशी बनावटीची नवी .२२ रायफल काही लाखांच्या घरात जाते. तेवढी ऐपत किती घरांत असणार?

माणसाचा दोष आणि रायफलीचा दोष यांची गल्लत झाली, की दोनपैकी एक अन्याय ठरलेला. एक तर चांगल्या मुलामुलींना 'तुझ्या हातात नेमच नाही' असे सांगून संघातून वगळले जाते, नाही तर चांगली रायफल मोडीच्या भावात जाते. आश्चर्य असे की हा निकाल बहुधा पाच मिनिटांत, एकाच लक्ष्यपत्राकडे पाहून दिला जातो. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात कारणशोधनाचे पाच नियम सांगितले आहेत. ते आपण परीक्षेपुरते पाठ करतो आणि उत्तरपत्रिकेबरोबरच परत करून टाकतो. ते कोठे वापरावयाचे असा प्रश्न ज्यांना पडत असेल, त्यांच्यासाठी जुनी रायफल हे उत्तम उदाहरण आहे.

प्रथम तक्रार नीट मांडली पाहिजे. 'नेम लागत नाही' हे वाक्य दोन अगदी निराळ्या गोष्टींना लावले जाते. पाच-दहा गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या आहेत, पण मध्यापासून दूर, ही एक गोष्ट. गोळ्या मध्याच्या आसपास आहेत, पण विखुरलेल्या, ही दुसरी. पहिलीत रायफल निर्दोष असते; फक्त साइट सरकवावी लागते. गट डावीकडे बसत असेल तर मागची साइट उजवीकडे घ्यावयाची, किंवा पुढची डावीकडे. फोरसाइट व बॅकसाइट यांत ७० सेंटिमीटर अंतर असेल आणि एक साइट केवळ अर्धा मिलिमीटर सरकलेली असेल, तर ५० मीटरवर गोळी सुमारे साडेतीन सेंटिमीटर दूर जाते. ५० मीटरच्या स्पर्धेतील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो हे लक्षात घेतले, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची किंमत कळते. तात्पर्य, गट लहान पण जागा चुकीची असेल तर रायफल खोलण्याचे काहीच कारण नाही. खरा आजार म्हणजे गट पसरणे.

तो पसरला आहे हे तरी कशावरून? तीन गोळ्या झाडून मत देणारे जाणकार प्रत्येक मैदानावर असतात. तीन गोळ्या योगायोगाने जवळ पडू शकतात. त्याच रायफलीने, त्याच हाताने दहा गोळ्या झाडल्या, तर गटाची रुंदी तीन गोळ्यांच्या गटाच्या सरासरीने दीडपटीहून अधिक भरते. रायफल बिघडली म्हणून नव्हे. अधिक गोळ्यांना दूर पडण्याची अधिक संधी मिळते म्हणून. तेव्हा काल तीन आणि आज दहा झाडून 'काल बरी चालत होती' असे म्हणणे व्यर्थ आहे. शिवाय नळी नुकतीच तेलाने पुसलेली असेल तर पहिल्या काही गोळ्या हिशेबात धरू नयेत.

आता व्यतिरेक पद्धती. बाकी सर्व परिस्थिती तीच ठेवून एकच घटक बदलावयाचा आणि परिणाम बदलतो का ते पाहावयाचे. संशयित रायफल आणि एक खात्रीची रायफल घ्या. नवशिका आणि एक मुरलेला नेमबाज घ्या. काडतुसे एकाच पेटीतील, आधार वाळूच्या पिशवीचा. प्रत्येकाने दोन्ही रायफलींनी दहा-दहा गोळ्या झाडावयाच्या. चार लक्ष्यपत्रे होतात. मुरलेल्या माणसाचा गटही संशयित रायफलीवर पसरला, तर दोष रायफलीत. नवशिक्याचा दोन्हींवर पसरला, तर आपली म्हण खरी. चाळीस गोळ्यांचा हा खर्च अनेकांना जड वाटतो आणि मग ते नव्या नळीची चौकशी करू लागतात! काही ठिकाणी भिंतीवर एक तक्ता असतो: गोळी खाली डावीकडे गेली म्हणजे ट्रिगरला हिसका, वर गेली म्हणजे अमुक. तो मुळात उजव्या हाताने पिस्तूल झाडणाऱ्यांसाठी आहे. रायफलीला तो लावणे म्हणजे एकाचा चष्मा दुसऱ्याला घालणे होय.

दोष रायफलीत आहे असे ठरले, की स्वस्त आणि परत फिरवता येण्याजोगे बदल आधी करावेत. पहिला मान काडतुसांचा. .२२ च्या काडतुसांत एकीची गती दुसरीहून सेकंदाला १० मीटरने कमी असली, तर तेवढ्यानेच ५० मीटरवर गोळी सुमारे आठ मिलिमीटर खाली पडते. गट उभा लांबला असेल तर प्रथम पेटी बदलून पाहावी. एका नळीला मानवणारी काडतुसे दुसरीला मानवतातच असे नाही. म्हणून मोठे स्पर्धक कारखान्यात जाऊन आपल्या रायफलीवर निरनिराळ्या घाण्यांतील काडतुसे तपासून घेतात.

त्यानंतर स्क्रू. साइटचे आणि कुंद्याचे. दुर्बीण असेल तर तिचे बिंदू-चक्र वीस खाचा वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे फिरवावे. गोळी पहिल्याच भोकाजवळ परत आली नाही तर दोष दुर्बिणीत किंवा तिच्या पकडीत आहे. कुंद्याचे लाकूड ही तर आपल्या हवेत स्वतंत्र कथाच आहे. पावसाळ्यात दारे घट्ट बसतात हे कोकणातल्या माणसाला सांगावयास नको. तेच कुंद्याचे होते. फुगलेले लाकूड नळीला एका बाजूने टेकले, की प्रत्येक गोळीला नळीचे कंपन निराळे होते. ज्या रायफलीची नळी मोकळी असावयास हवी, तिच्या नळीखालून पोस्टकार्डाची पट्टी सरकवून पाहावी. अडली की कारण सापडले. मात्र हा नियम सर्वांना सारखा नाही. जुन्या लष्करी .३०३ च्या चौथ्या नमुन्यात लाकडाच्या टोकाने नळीला खालून २ ते ७ पौंडांचा दाब देणे हेच योग्य मानले जाई. तिची नळी कानशीने 'मोकळी' करून तिचा नेम घालवणारे हौशी कारागीर काही कमी नव्हते. फेब्रुवारीत चांगली चालणारी रायफल आषाढात बिघडते आणि दिवाळीनंतर पुन्हा सुधारते, असे दिसले तर मिलची सहपरिवर्तनाची पद्धतीच आपल्यासमोर उभी आहे.

एवढे करूनही सुधारणा नसेल तर नळीचे तोंड पाहावे. .२२ ची शिशाची गोळी नळी फारशी झिजवत नाही. झिजवते ती माणसाची सफाई. वर्षानुवर्षे तोंडाकडून सळई घातली, की ती कडेला घासून एका बाजूची धार जाते. मग गोळी बाहेर पडताना मागचा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला झुकवतो. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करून तोंडाच्या कडेवर कापसाचा बोळा फिरवावा. तंतू अडकले तर तेथे कूस आहे. लक्ष्यपत्रावरील भोके गोल नसून लांबट असतील तर गोळी आडवी होत आहे असे समजावे. मागच्या बाजूला चेंबरच्या कडेवर छोटा खड्डा दिसला, तर पूर्वीच्या मालकाने रिकामा ट्रिगर फार दाबला आहे. फायरिंग पिनचा तो ठसा असतो.

येथपर्यंत मिलची पद्धती चांगली चालते. पण ती फसते कोठे, हे आमच्या पाठ्यपुस्तकात फार थोडक्यात आटोपलेले आहे. आमच्या जिल्ह्यातील एका परवानाधारक गृहस्थांनी आपल्या जुन्या .२२ रायफलीचे स्क्रू घट्ट करून घेतले. गटात काहीच फरक पडला नाही. स्क्रूचा संशय फिटला असे म्हणून ते पुढे गेले. हा निष्कर्ष चूक होता, आणि का ते गणिताने दाखवता येते. दोन स्वतंत्र दोष असतील तर त्यांचा पसारा सरळ बेरजेने वाढत नाही, वर्गांच्या बेरजेने वाढतो. एका दोषाने ३० मिलिमीटर आणि दुसऱ्याने १० मिलिमीटर पसारा होत असेल, तर एकूण सुमारे ३१.६ होतो. लहान दोष काढला तर ३० उरतात. एवढा फरक कोणाच्या डोळ्यांना दिसणार? मोठा दोष काढला तर एकदम १० वर येतो. म्हणजे मोठा दोष लहान दोषाला आपल्या पोटात लपवतो. परिणामांच्या मिश्रणाची अडचण वर्गात सांगतात ती हीच. त्या गृहस्थांच्या रायफलीत मोठा दोष नळीच्या तोंडाचा होता. परवानाधारक कारागिराकडून ती कड नीट करून आणल्यावर त्यांनी एक गोष्ट केली, जी मला फार आवडली: कुंद्याचा स्क्रू मुद्दाम पुन्हा सैल केला आणि दहा गोळ्या झाडल्या. गट आता उघड उघड पसरला. पुन्हा घट्ट केला, मिटला. दोष घालवता येणे हा अर्धा पुरावा. तो बोलावल्यावर परत आला म्हणजे पुरावा पूर्ण होतो. एरवी त्या दिवशी वारा पडला होता, की हात स्थिर होता, हे कोण सांगणार?

आपल्या एन. सी. सी.च्या छात्रांनी मात्र यातील काहीही हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन करू नये. ती रायफल सरकारची असते. लक्ष्यपत्रे जपून ठेवावीत आणि ती दाखवून आर्मररला सांगावे. खासगी रायफलीलाही १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो, आणि दुरुस्तीचा धंदाही परवान्याशिवाय करता येत नाही. मालकाने सफाई, स्क्रू आणि काडतुसे एवढ्यावर थांबावे.

लक्ष्यपत्रावर तारीख, काडतुसांच्या पेटीचा क्रमांक, झाडणाऱ्याचे नाव, हवा आणि त्या दिवशी बदललेली एकच गोष्ट लिहून ठेवावी. जुनी रायफल विकत घेताना विकणाऱ्याकडे अशी दहा-बारा पत्रे मागावीत. ती असली तर किमतीत थोडे अधिक मोजले तरी चालेल. नसली, तर निदान मैदानावर परवानगीने दहा गोळ्या झाडून पाहू द्या असे म्हणावे, आणि तेही नको म्हटले तर नळीच्या तोंडाची कड तेवढी पाहून घ्यावी. त्याला कापसाच्या बोळ्याखेरीज काही लागत नाही.