कायद्याचा मसुदा आणि नागरिकांच्या सूचना
(इयत्ता ७ वी व ८ वी : नागरिकशास्त्र)

उद्देश : विधिमंडळात कायदा मंजूर होतो, एवढे मुलांस ठाऊक असते. परंतु मंजुरीपूर्वी त्याचा मसुदा तयार होतो आणि त्यातील शब्द सामान्य नागरिकाच्या सूचनेनेही बदलू शकतात, ही गोष्ट पाठात क्वचितच येते. ती मुलांच्या मनावर ठसविणे हा या पाठाचा हेतू होय.

विषयविवेचन : ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ हे शब्द आपण शासकीय राजपत्रात वाचतो. ज्या नियमांस पूर्वप्रसिद्धीची अट आहे, त्यांचा मसुदा प्रसिद्ध करून मुदतीत आलेल्या सूचनांचा विचार करणे सन १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमानुसार आवश्यक आहे. केंद्र शासनाने २०१४ साली विधेयकांचे मसुदेही किमान ३० दिवस जनतेसमोर ठेवण्याचे धोरण ठरविले. मात्र हे धोरण आहे, कायदा नव्हे. म्हणून त्याचे पालन प्रत्येक वेळी झालेले नाही.

संगणकजालाच्या साह्याने हे कार्य किती व्यापक होऊ शकते, याचे उदाहरण ब्राझील देशात मिळते. इंटरनेटवरील नागरिकांच्या हक्कांचा कायदा करण्यासाठी तेथील न्याय मंत्रालयाने एका विधिमहाविद्यालयाच्या सहकार्याने ऑक्टोबर २००९ मध्ये लोकांशी विचारविनिमय आरंभिला. प्रथम केवळ तत्त्वांची चर्चा झाली. पुढे २०१० मध्ये कलमवार मसुदा मांडण्यात आला. एकाची सूचना दुसऱ्यास वाचता येई व तिला उत्तरही देता येई. केवळ तक्रार आल्यावर मजकूर काढून टाकण्याची तरतूद मसुद्यात होती. अशाने निर्दोष लेखनही दडपले जाईल, असा आक्षेप आला आणि त्या जागी न्यायालयाच्या आदेशाची अट घालण्यात आली. हा कायदा २३ एप्रिल २०१४ रोजी झाला. पुढे २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हीच तरतूद अंशतः घटनाबाह्य ठरविली. तात्पर्य, लोकांच्या सूचनेने मसुदा सुधारतो. परंतु त्याने तो निर्दोष होतोच असे नाही.

उत्तम सूचनेची अंगे : (१) कोणत्या कलमाविषयी, (२) मूळ शब्द कोणते, (३) त्या जागी कोणते शब्द असावेत, (४) कारण काय व अनुभव कोणता. नुसता राग वा नुसती स्तुती मसुदा लिहिणाऱ्यास उपयोगी पडत नाही. एकच मजकूर शंभर जणांनी पाठविल्याने विरोधाचे बळ दिसते, परंतु नवे कारण एकच मिळते.

वर्गातील कृती : फळ्यावर असा मसुदा लिहावा : ‘ग्रंथालयाची पुस्तके शनिवारी शाळा सुटल्यावर मिळतील.’ मुलांनी वरील चार अंगांनुसार सूचना लिहाव्यात. वस्तीवरील एखादी मुलगी लिहील, ‘आम्ही सोबतीने घरी जातो. मागे राहिल्यास एकटीला चालावे लागते. “मधल्या सुट्टीत” असे शब्द घालावेत.’ मसुदा करणाऱ्याच्या ध्यानी न आलेली अडचण ती सोसणाऱ्यास कशी दिसते, हे येथे मुलांस आपोआप उमजेल. अखेर स्वीकारलेल्या व नाकारलेल्या सूचना कारणांसह वाचून दाखवाव्यात. नाकारण्याचे कारण न सांगितल्यास पुढच्या वेळी कोणी लिहीत नाही.

शिक्षकांचे कर्तव्य : मसुदे बहुधा संकेतस्थळावर व पुष्कळदा इंग्रजीत असतात. ज्यांस यंत्र नाही वा ती भाषा येत नाही, त्यांचा अनुभव मसुद्यापर्यंत पोहोचतच नाही. आणि कायदा मात्र त्यांनाही लागू होतो. शिक्षकाने मसुद्याचा सोपा अर्थ मराठीतून सांगावा व लोकांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. त्यात स्वतःचे वा कोणत्याही पक्षाचे मत मिसळू नये. सूचना मुदतीत जाईल याची काळजी घ्यावी.

स्वाध्याय : (१) नियम व कायदा यांत भेद काय? (२) आपल्या गावातील पाणवठ्याच्या वापरासाठी तीन नियमांचा मसुदा करा व घरातील वडीलधाऱ्यांच्या सूचना लिहून आणा.